विकणाऱ्याचे मौन

दसऱ्या-पाडव्याला नवी गाडी दारात आली की तिला हार घालायचा, कुंकू लावायचे, चाकाखाली लिंबू ठेवायचे आणि शेजारच्या मुलांच्या हातावर पेढा ठेवायचा, हे आपल्याकडे ठरून गेलेले आहे. नव्या गाडीला एवढे पुरते, कारण तिला पूर्वजन्म नसतो. जुन्या गाडीला तो असतो, आणि तो पुरता ठाऊक असलेला माणूस बहुधा एकच असतो. तो म्हणजे ती विकणारा! म्हणून जुनी गाडी घेणे हा वरवर पाहता व्यवहाराचा प्रश्न दिसला, तरी त्याच्या पोटात नीतीचा एक जुना प्रश्न दडलेला आहे : ज्याला ठाऊक आहे त्याने, ज्याला ठाऊक नाही त्याला, किती सांगावे?

हा प्रश्न अगदी टोकाला जातो तो जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या बाबतीत. घरची मोटार माणूस गरजेपोटी घेतो आणि गरज हिशेब करते. पण जिच्यात दोनच माणसे मावतात, सामानाला जागा नाही आणि पावसात छत गळण्याची धास्ती, अशी गाडी कोणी गरजेपोटी घेत नाही. ती हौस असते. आणि हौसेला हिशेब रुचत नाही. अशा सौद्यात घेणाऱ्याला फसवायला विकणारा लागतोच असे नाही. अर्धे काम त्याने घरून निघतानाच उरकलेले असते.

या हौसेचा बाजार इंग्लंडमध्ये मोठा आहे. तिथली एक गाडी उदाहरणादाखल घेऊ. जपानच्या माझ्दा कंपनीने १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात एमएक्स-५ नावाची छोटी, उघड्या छताची गाडी मांडली. ती लोकांना इतकी आवडली की २०१६ साली तिची दहा लाखावी प्रत कारखान्यातून बाहेर पडली. तिचे इंजिन चिवट, किंमत बेताची. म्हणून जुनी घेणाऱ्यांची तिच्यावर नजर असते. पण इंग्लंडात हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ गाडीचे पोट खाते. शिवाय कापडी छतावरचे पाणी वाहून जावे म्हणून मागच्या बाजूला भोके ठेवलेली असतात. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत ती पाचोळ्याने बुजतात, पाणी आत साचते आणि दाराखालच्या पोकळ पट्ट्या आतून कुजू लागतात. वरून लांबी भरून रंग मारला की बाहेरून काही कळत नाही. रविवारची सकाळ, स्वच्छ ऊन, खाली केलेले छत आणि हातात किल्ली! अशा वेळी घेणारा रंग पाहतो. कुजलेले असते ते खाली.

म्हणून जाणता माणूस आधी गुडघे टेकतो आणि गाडीच्या पोटाखाली पाहतो. तो बॉनेटवर हात ठेवून इंजिन गार आहे ना, याची खात्री करून घेतो; कारण आधीच तापवून ठेवलेले इंजिन सकाळचे आपले रडगाणे लपवते. टायरच्या कडेवर आठवडा आणि साल सांगणारे चार आकडे असतात, ते तो वाचतो. चार चाकांना चार जातींचे स्वस्त टायर दिसले, तर मालकाने न दिसणाऱ्या जागी किती काटकसर केली असेल याचा तो अंदाज बांधतो. दाराच्या फटी सारख्या आहेत का, रंगाची छटा कुठे बदलते का, चॅसीवरचा क्रमांक कागदाशी जुळतो का, हे तो पाहतो. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरसाल तिची सक्तीची तपासणी होते, आणि त्या नोंदी कोणालाही पाहता येतात. त्यांत मैलांचा आकडा एखाद्या वर्षी मागे गेलेला दिसला, तर काळ नव्हे, काटा कोणीतरी उलटा फिरवला हे उघड आहे. विम्याचा हप्ता तो आधी विचारतो आणि दुरुस्तीसाठी काही रक्कम बाजूला ठेवतो. कारण वयाबरोबर गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे, ज्याला ती गाडी मुळीच नको आहे अशा एका माणसाला तो बरोबर नेतो.

एवढे सगळे केले तरी तपासणी एका जागी येऊन थांबते. अर्ध्या तासाच्या धावेनंतरच येणारा आवाज, गेल्या पावसात एकदा दगा दिलेला ब्रेक, अपघातानंतर सांधलेला सांगाडा, हे मालकालाच ठाऊक. त्याने ते आपण होऊन सांगावे काय?

कायदा या बाबतीत फार अपेक्षा ठेवत नाही. आपल्या १८७२ च्या करार कायद्याच्या १७ व्या कलमात नुसते मौन म्हणजे फसवणूक नव्हे असे म्हटले आहे, आणि ते समजावण्यासाठी एका घोड्याचे उदाहरण दिले आहे. घोड्यात खोड आहे हे मालकाला ठाऊक आहे. तो लिलावात घोडा विकतो आणि काही बोलत नाही. ही फसवणूक नाही. पण पुढची दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर खोड सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा म्हणाला, ‘तुम्ही नाही म्हटले नाहीत, तर घोडा निकोप आहे असे मी धरून चालेन,’ आणि मालक तरीही गप्प राहिला, तर ते मौन बोलण्याइतकेच ठरते. घेणाऱ्याने यातून धडा घ्यावा : विचारावे, आणि असे विचारावे की समोरच्याच्या गप्प बसण्यालाही अर्थ यावा.

विकणाऱ्याने घ्यायचा धडा मात्र मुलीच्या उदाहरणात आहे. घोडा तोच, खोड तीच. मग लिलावातल्या परक्याला गप्प राहून विकता येते आणि मुलीला येत नाही, ते का? दोन हजार वर्षांपूर्वी, इसवी सनापूर्वी ४४ मध्ये, रोमच्या सिसेरोने कर्तव्यावरच्या आपल्या ग्रंथात हाच वाद मांडला होता. घराची लाकडे कुजकी, खोल्यांतून साप निघतात, आणि हे मालकाखेरीज कोणाला ठाऊक नाही. एक पक्ष म्हणतो, मालकाने घ्या म्हणून बळजबरी केली नाही. आपल्या मालाची निंदा आपणच दवंडी पिटून करावी काय? दुसरा म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवणे जर पाप, तर जाणूनबुजून त्याला खड्ड्यात जाऊ देणे त्याहून मोठे. सिसेरोचा कौल दुसऱ्या बाजूने पडला.

पहिल्या पक्षात तथ्य नाही असे नाही. विकणारा काही घेणाऱ्याचा बाप नव्हे. त्यालाही पैशांची निकड असेल. दाराचा ओरखडा, झिजलेली गादी, हे ज्याचे त्याने डोळ्यांनी पाहावे. ते बोलून दाखवण्याचे बंधन त्याच्यावर लादणे हा जाच होईल. पण जे शोधूनही सापडणार नाही आणि कळले तर सौदा बदलेल, ते सांगायलाच हवे, असे मला वाटते. त्यातही ब्रेक किंवा सांगाडा यांची गोष्ट निघाली की प्रश्न पैशाचा राहत नाही. वेगासाठीच जन्मलेल्या गाडीत तरुण मुलगा बसणार आहे. तो आपला नसेल. कोणाचा तरी असतोच.

आणि मौन फुकटही पडत नाही. जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ साली त्याला नोबेल मिळाले. अमेरिकेत खोडीच्या गाडीला लिंबू म्हणतात. (आपण ते निदान चाकाखाली तरी ठेवतो!) घेणाऱ्याला चांगली-वाईट ओळखता येईना, की तो सगळ्यांनाच मधली किंमत देऊ करतो, त्या किमतीत चांगली गाडी विकणे परवडत नाही, म्हणून तिचा मालक बाजारातून उठतो, आणि मागे लिंबेच उरतात. एकाच्या मौनाचा दंड असा प्रामाणिक माणसालाच बसतो.

आणखी एक गोष्ट आहे. जुन्या गाडीत विकले जाते तरी काय? ‘ओल्ड नंबर वन’ या बेंटली गाडीने १९२९ आणि १९३० साली ल माँची शर्यत जिंकली. पुढे तिचे इंजिन बदलले, सांगाडा बदलला. १९३२ साली ब्रुकलँड्‌सला तिच्या अपघातात चालक क्लाइव्ह डनफी ठार झाला. मग ती पुन्हा नव्याने बांधली गेली. तिचा एक कोटी पौंडांचा सौदा झाल्यावर घेणारे म्हणाले, ही ती गाडीच नव्हे! १९९० साली इंग्लंडच्या न्यायालयाने निकाल दिला, की मूळचे भाग जवळजवळ उरले नसले तरी तिचा इतिहास कुठे तुटलेला नाही. ही तीच गाडी. मिलिंद राजाला नागसेनाने विचारले होते, आस म्हणजे रथ काय, चाक म्हणजे रथ काय? तो प्रश्न कोर्टात पौंडांच्या भाषेत पुन्हा विचारला गेला, एवढेच. भाग बदलत जातात. गाडीला तीच गाडी ठेवते ती तिची अखंड हकिकत. मग ज्याने हकिकत राखून ठेवली, त्याने गाडीचाच एक भाग काढून घेऊन उरलेली पूर्ण किमतीला विकली, असे म्हणायला नको काय?

हाच नियम घेणाऱ्यालाही लागू आहे. नवऱ्यामागे पडवीत धूळ खात पडलेली गाडी विकायला काढणाऱ्या बाईला तिचे मोल ठाऊक नसते, आणि ओळखून आलेला गिऱ्हाईक तिला जुने लोखंड म्हणून हसत हसत उचलतो. विकणाऱ्याच्या मौनावर आपण रागावतो. या मौनाला मात्र आपण चातुर्य म्हणतो.

स्पोर्ट्‌स कार कोणाकडे जन्मभर राहत नाही. पाठ दुखू लागते, घरात पाळणा हलतो, आणि आज घेणारा उद्या विकणारा होतो. म्हणून घेण्यापूर्वी करायच्या विचारांच्या यादीत शेवटचा विचार हा असावा : या गाडीचे जे जे मला कळेल, ते ते मी पुढच्याला सांगू शकेन का? ज्याला हे जमेल असे वाटते, त्याने गाडीबरोबर आलेल्या पावत्यांच्या बाडात आपलीही पहिली नोंद करावी आणि मग खुशाल छत खाली करावे.