चौथी सीट

आमच्या मजल्यावरच्या तात्यांनी चौतीस वर्षं लोकलने बोरिवली-चर्चगेट केलं. गाडी बोरिवलीहूनच सुटायची, त्यामुळे बसायला जागा ठरलेली. अंधेरीला कुणी घामाघूम माणूस चढला की तिघांच्या बाकावर न बोलता सरकायचं आणि त्याला चौथी सीट द्यायची, हा त्यांचा नेम. असा माणूस म्हातारपणी फळांच्या बाबतीत इतका आडमुठा होईल, असं कुणाला वाटलं नव्हतं.

झालं असं, की गेल्या वर्षी एप्रिलमध्ये डॉक्टर म्हणाले, "आठ किलो उतरवा. कार्ब्जवर नजर ठेवा." तात्यांची नजर गेली ती थेट फळांच्या टोपलीकडे. गोड लागतं म्हणजे साखर, साखर म्हणजे कार्ब्ज, कार्ब्ज म्हणजे पोट. केळी, चिकू, पपई, सगळ्यांना दारबंदी. देवगडच्या मेव्हण्यांनी हापूसची पेटी धाडली, तर ती पलंगाखालून ओढून तात्या सरळ आमच्या दारात. आम्ही नको म्हणालो नाही, हे कबूल केलेलं बरं. तात्यांच्या पत्नी माईंनी मध्ये पडून डझनभर मागे ठेवून घेतले, तेवढेच.

महिना गेला, वजन जागचं हललं नाही. संकष्टीला माईंनी विचारलं, "अहो, केळं देऊ का एक?"

"नको, कार्ब्ज!" असं म्हणून तात्यांनी साबुदाण्याची खिचडी आणखी एक डाव वाढून घेतली. आता एका माणसाच्या खिचडीला पन्नास-साठ ग्रॅम कोरडा साबुदाणा लागतोच, आणि साबुदाण्यात शंभर ग्रॅमला जवळजवळ ८७ ग्रॅम कार्ब्ज. वर बटाटा. मध्यम केळ्यात सगळे मिळून २७. पण खिचडी गोड लागत नाही ना!

दुसऱ्या दिवशी माईंनी नातीचा केकसाठीचा वजनकाटा ओट्यावर मांडला. त्यावर एक हापूस ठेवला. २४० ग्रॅम. मग तो कापला, फोडी वाटीत काढल्या आणि साल व कोय परत काट्यावर. ८० ग्रॅम. (कोय चोखायचा मोह तात्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता, असं माई सांगतात.) राहिला १६० ग्रॅम गर. आंब्यात शंभर ग्रॅमला साधारण १५ ग्रॅम कार्ब्ज, म्हणजे अख्ख्या आंब्याचे २४.

"आता तुमचं," माई म्हणाल्या. दोन वेळच्या चहात दोन-दोन चमचे साखर, म्हणजे वीसेक ग्रॅम. चार मारी बिस्किटं काट्यावर भरली २४ ग्रॅम. पुड्यावरचा मजकूर वाचून नातीने सांगितलं, त्यात कार्ब्ज १८. आणि नॅशनल पार्कात फेरी मारून आल्यावर रोजचा मोसंबीचा ग्लास. तो तात्यांच्या लेखी फळात मोडतच नव्हता, ते औषध! चार मोसंबी यंत्रात जायची, चोथा बादलीत आणि रस पोटात. पोट भरल्यासारखं वाटायला लावणारा तंतू त्या बादलीतच राहायचा. त्या ग्लासाचे पंचवीस तरी धरा. बेरीज साठाच्या पुढे.

तात्या काट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आंबा खाल्ला की चोवीस वाढतीलच ना?"

"वाढतील, जर कुणी सरकलं नाही तर," माई म्हणाल्या. "चौतीस वर्षं चौथी सीट दिलीत. बाकावर तिघं ऐसपैस बसलेत, पोळी, भात आणि तुमची बिस्किटं. त्यांना जरा सरकवा की! आंबा बिचारा दारात लटकतोय."

त्या दिवसापासून घरात नवा नेम लागला. आंबा असेल त्या जेवणात एक पोळी कमी आणि भाताला सुट्टी. फळ खायचं ते चावून, प्यायचं नाही. आमरस वर्षातून दोनदा, तोही पुरीशिवाय. ही शेवटची अट मला अमानुष वाटते, पण माईंपुढे कोण बोलणार? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सुचवलेल्या दिवसभराच्या ताटातही फळांना १०० ग्रॅमची जागा आहे, भाज्यांना ४००. तात्यांनी ते आकडे कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवले.

जूनमध्ये पार्काच्या दाराशी जांभळं आली. वाटा घेऊन बिया थुंकत, जीभ जांभळी करून तात्या घरी येऊ लागले. थंडीत पेरू लागला, बियांसकट. त्यात शंभर ग्रॅममागे पाच ग्रॅम तंतू, त्यामुळे अकराच्या सुमाराची बिस्किटं आपोआप सुटली. सीताफळ मात्र अर्धंच, कारण त्यात केळ्याइतके कार्ब्ज. तात्यांना मधुमेह नाही, हेही सांगायला हवं. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्याने हा हिशेब आपल्या डॉक्टरांसमोर बसूनच करावा.

दिवाळीपर्यंत पाच किलो उतरले. डॉक्टरांचे तीन अजून बाकी आहेत.

यंदाही देवगडची पेटी आली. आमच्याकडे त्यातला एकच आंबा आला.