दोरा आणि गंधार

शाळेच्या पुस्तकांत आवाजाचे तीन गुण तीन खान्यांत बसवलेले असतात: उंची, मोठेपणा आणि जात. सतार आणि सनई एकाच सुरात, सारख्याच जोराने वाजल्या तरी वेगळ्या ओळखू येतात, त्या जातीमुळे. कारणही तिथेच दिलेले असते. तार मूळ कंपनाबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट गतीनेही कापत असते, आणि या उपस्वरांत कोणाचा वाटा किती, यावर वाद्याचा रंग ठरतो. यात चूक काही नाही. पण सूर आधी असतो आणि रंग त्यावर मागाहून चढतो, असा एक समज त्यातून मागे उरतो. तंबोऱ्यापुढे तो टिकत नाही.

तंबोऱ्याची घोडी धारदार नसते; पसरट, किंचित उतरती असते. थरथरणारी तार तिच्यावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. दोघींच्या मध्ये सुताचा दोरा सरकवतात. तो केसभर मागेपुढे केला, की आत्तापर्यंत कोरडी वाटणारी तार एकदम गुंजू लागते, जवारी खुलते. ताण जवळपास तोच, छेडणारे बोटही तेच, बदलली ती उपस्वरांची वाटणी. एरवी तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो, तो उपस्वर उमटत नाही. मधोमध छेडलेल्या तारेत दुप्पट कंपनांचा सूर नसायला हवा. तंबोरा हा नियम जुमानत नाही, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये मांडले: घोडीवरचा तो स्पर्शच गाळलेल्या उपस्वरांना जागे करतो. त्यांतला पाचवा म्हणजे गंधार. एकही तार गंधारात मिळवलेली नसते, तरी षड्जातून तो ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू म्हणतात. ज्याला आपण नुसता रंग म्हणत होतो, त्याच्या पोटातून सूर निघाला. तबल्याचेही तसेच. साध्या कातड्याचे उपस्वर पटीत बसत नाहीत, म्हणून त्याला नेमका सूर सापडत नाही. शाईच्या थरांनी ते पटीत येतात, तेव्हा कुठे तबला सुरात मिळवता येतो.

कोणी म्हणेल, हे कानाचे लाड झाले. पेटीवर गाणे चालतेच की. चालते, पण फुकट नाही. षड्ज १०० कंपनांचा धरला तर तंबोऱ्याचा पाचवा उपस्वर ५०० वर येतो. सप्तकाचे १२ सारखे भाग पाडून मिळवलेल्या पेटीचा गंधार येतो सुमारे १२६ वर, त्याचा चौथा उपस्वर ५०४ वर. सेकंदाला चार हेलकावे! उपस्वरच नसते तर हे दोन गंधार भांडलेच नसते.

गळ्याचा आक्षेप मात्र वजनदार आहे. एकाच षड्जावर ‘आ’ म्हणा, मग ‘ई’. रंग पालटतो, सूर हलत नाही. मग दोन्ही वेगळेच नाहीत का? पण तोंडाची पोकळी उपस्वरांचे फक्त वाटे बदलते. त्यांच्यातले अंतर स्वरतंतूंनी ठरवलेलेच राहते, आणि कान सूर ओळखतो तो बहुतांशी या अंतरावरून. काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज साधारण ७० कंपनांचा असतो. मोबाइलचा इवला स्पीकर इतकी खोल कंपने जवळजवळ काढतच नाही. त्यातून बाहेर पडतात ते वरचे उपस्वर. तरी रियाजाला बसलेल्याला त्या मोबाइलमधून खर्जच ऐकू येतो.