दुबार पेरणी



मागच्या वर्षी एका तरुणाने मला प्रश्न विचारला. चाळीस वर्षे कीर्तनाच्या गादीवर उभा राहिलो, पण असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. तो म्हणाला, "महाराज, दुसरी वाट आधीच शोधून ठेवली तर पहिल्या वाटेवरची निष्ठा खोटी ठरते का?"

मुलगा आमच्या कोरीटच्याच शिवारातला. साडेपाच वर्षांचे एम.बी.बी.एस. झाले, तेव्हा सप्ताहात त्याचा सत्कार ठेवला होता. मी गादीवरूनच बोलून गेलो, "हा उद्याचा सर्जन." टाळ्या पडल्या. त्याच्या आईने पदर डोळ्याला लावला. पुढे नीट पीजी परीक्षेत जनरल सर्जरीच्या जागेपुरता क्रमांक आला नाही. वर्षभर खोली घेऊन पुन्हा बसला, पुन्हा तेच. घरचे म्हणाले तिसऱ्यांदा बस. तो गावी यायचा तो रात्रीच्या गाडीने, आणि देवळाकडे फिरकायचा नाही. देवळात लोक विचारतील ना, "काय सर्जन, कुठवर आले?" हे 'सर्जन' त्याच्या माथी कुणी मारले, तर मी. म्हणून हा लेख उपदेशाचा समजू नका. माझी चूक निस्तरण्याचा भाग आहे.

त्या दिवशी मी त्याला उत्तर दिले नाही. आमच्या शास्त्राने अनन्यभाव सांगितला आहे आणि मी तो जन्मभर सांगितला. मग दुसरी वाट ठेव म्हणावे तर माझेच बोलणे मला खोटे पाडते की काय, अशी शंका आली. चार दिवस विचार केला आणि लक्षात आले की अनन्यता कुठे लावायची इथेच आपण घोटाळा करतो. अनन्यता साध्याशी असते, साधनाशी नसते. सावता महाराजांनी मळा केला, गोरोबांनी मडकी घडवली, सेना महाराजांनी लोकांची हजामत केली. एकाने दुसऱ्याचा धंदा धरला असता तर पांडुरंग दुरावला असता काय? सर्जरीची जागा ही तीन वर्षांच्या शिक्षणाची जागा आहे. तिला पांडुरंगाच्या जागी बसवले की ती मिळाली तरी माणूस फसतो आणि न मिळाली तर मोडतो.

शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. मृगात पेरले, पावसाने दडी मारली, बी जळाले, तर तो दुबार पेरणी करतो. जुलैचा मध्य उलटला की मूग, उडीद, कापूस यांचे दिवस गेलेले असतात. मग बाजरी, तूर, सूर्यफूल असा हिशेब मांडतो. रान तेच, घाम तोच, बी फक्त निराळे. त्याला कुणी म्हणत नाही की तुझी निष्ठा कापसावर नव्हती. उलट जो रिकामे रान बघत बांधावर बसतो, त्याची गावाला काळजी वाटते.

वारकऱ्यांना परीक्षेत नापास होण्याची गोष्टही नवी नाही. मुक्ताबाईंनी गोरोबांना सांगितले, ही मडकी तपासून पाहा. त्यांनी थापटणे घेतले आणि जमलेल्या संतांच्या डोक्यावर मारत गेले. सगळे गप्प बसले. नामदेवराय मात्र चिडले, आणि मडके कच्चे ठरले. ज्याच्याशी देव बोलतो, ज्याच्या हातचा नैवेद्य देव खातो, तो सगळ्यांदेखत कच्चा! नामदेव रडत पंढरीला गेले. आता देवाने काय करावे? निकाल फिरवला नाही. परीक्षा चुकीची होती असेही म्हटले नाही. विसोबा खेचरांकडे जा, एवढे सांगितले. विसोबा तर औंढ्याच्या देवळात पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेवांना ती वाट आवडली असेल असे मला वाटत नाही. पण गेले. ही कथा मी शेकडो वेळा रंगवली. पंढरी ते औंढा या वाटेवर नामदेवांचे मन कसे असेल, हा विचार मात्र कधी केला नव्हता. त्या मुलाकडे पाहून केला.

पुष्कळ जण अशा मुलांना डॉ. प्रकाश आमट्यांचे उदाहरण देतात. उदाहरण मोठेच आहे. नागपूरला शस्त्रक्रियेचे पुढचे शिक्षण चालू असताना ते सोडून हेमलकशाच्या जंगलात गेले. लोकबिरादरी प्रकल्प १९७३ सालचा. डॉ. मंदाताई भूलशास्त्र शिकलेल्या. वीज नाही, रस्ता नाही, अशा ठिकाणी माडिया गोंड लोकांची सेवा केली आणि २००८ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण त्यांनी सोडले होते. या मुलाचे सुटले आहे. सोडणाऱ्याची गोष्ट सुटलेल्याच्या जखमेवर लावू नये, ती झोंबते. "देवाची इच्छा" हेही शब्द लगेच तोंडात आणू नयेत. आधी त्याला रडू द्यावे.

मग मी त्याला एकच विचारले. सर्जरीत तुला नेमके काय हवे होते? तो बराच वेळ गप्प होता. हाताचे काम हवे असेल तर नेत्र, कान-नाक-घसा, प्रसूती, भूल, इथेही हातच लागतो. राष्ट्रीय परीक्षा मंडळाने २०२० पासून यांतल्या काही विषयांच्या दोन वर्षांच्या पदविकाही सुरू केल्या आहेत. माणसाचे दुःख फेडायचे असेल तर आपल्या जिल्ह्याला त्याची काय वाण? आणि लोकांनी वाकून पाहावे हे हवे असेल, तर ती भूक कुठल्याच जागेने भागत नाही. तो खाली पाहून म्हणाला, "महाराज, थोडे तिन्ही." खरे बोलला. मलाही कीर्तनात थोडे तिन्ही हवे होते.

इथे आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे, ती मला कठीण वाटते. "जागा नाही मिळाली तर आदिवासी भागात जाऊ" असे मुले सहज म्हणतात. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात सिकलसेलची लेकरे आहेत. सरदार सरोवराच्या पाण्याने तुटलेल्या पाड्यांवर दवाखाना बोटीतून जातो. आदिवासी आणि डोंगरी भागात वीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे असा निकष आहे. तिथला डॉक्टर जिची दुसरी वाट म्हणतो, ती तिथल्या बाळंतिणीची पहिली वाट असते, आणि बहुधा एकुलती एक. रुसून आलेला डॉक्टर तिच्या काय कामाचा? म्हणून दुबार पेरायचे तर निकाल लागण्यापूर्वीच बी पाहून ठेवावे, किती वेळा बसायचे ते घरच्यांना आधी सांगावे, आणि जिथे जायचे ते गाव एकदा डोळ्यांनी पाहून यावे. हे निष्ठेच्या आड येत नाही. पाहुण्यासाठी अंथरूण आधी घालून ठेवावे, तसेच ते.

मुलगा आता एका आरोग्य केंद्रावर वैद्यकीय अधिकारी आहे. सेवेतल्या डॉक्टरांसाठी पदव्युत्तर जागांत वेगळा वाटा राखायला राज्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली मोकळीक दिली. ते लक्षात ठेवून रात्री वाचतो. यंदा भूलशास्त्र की सर्जरी हे अजून ठरलेले नाही. कधी फोनवर त्याचा आवाज चांगला असतो, कधी नसतो.

परवा त्याचे वडील आले. यंदाच्या सप्ताहाला तो येणार आहे. "महाराज, माईकवर त्याचे नाव काय म्हणून घ्यायचे?" मी म्हटले, नाव घेऊच नका. काल्याच्या दिवशी पंगतीत माझ्याशेजारी त्याचे पान मांडा.