थोरल्याची बॅटरी, धाकट्याची वही

इंग्लंडमधल्या यॉर्कशर परगण्यात दोन भाऊ राहत होते. दोघांनाही भटकंतीची भारी हौस. नोकरीतून मोकळे झाल्यावर दोघांनी एकेक जुनी मोटरहोम घेतली. दोन्ही गाड्या 1998 सालच्या आणि एकाच बनावटीच्या. आत स्वयंपाकाचा ओटा, जेवायचं टेबल, झोपायची जागा, चिमुकली मोरी. छताला आणि कपाटांत मिळून बारा हॅलोजनचे दिवे, प्रत्येक 10 वॅटचा. बाहेरची वीज नसेल तेव्हा हे दिवे सीटखालच्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालत. ही बॅटरी इंजिनाची नव्हे, खास घरातल्या वापरासाठीची, 100 अँपिअर-तासांची.

नोव्हेंबर सरत आला असताना दोघं भाऊ बायकांना घेऊन स्कॉटलंडला निघाले. लॉख नेस या सरोवराच्या बाजूला त्या दिवसांत चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. मुक्कामाच्या तळावर वीज नव्हती. पहिली रात्र गप्पांत मजेत गेली. दुसऱ्या रात्री दिवे तांबूस पडू लागले आणि जेवणं उरकायच्या आत हीटरचा पंखा थांबला. दोन्ही गाड्यांत तेच झालं. चौघांनीही ती रात्र स्वेटरवर स्वेटर चढवून काढली.

घरी परतल्यावर थोरला म्हणाला, "बॅटरी अपुरी पडते. अजून एक घ्यायची, दुसरं काय!"

त्याने लगेच तशीच दुसरी बॅटरी आणली आणि जुनीला जोडली. बॅटरीचं वजन पंचवीस किलोच्या घरात. गाडीच्या पाटीवर एकूण वजनाची मर्यादा 3500 किलो लिहिलेली, आणि गाडी आधीच काठोकाठ भरलेली. म्हणून बायकोला आपल्या दोन खुर्च्या आणि पुस्तकांची पेटी घरी ठेवावी लागली. पुढच्या सहलीत तीन रात्री निघाल्या, चौथ्या रात्री पुन्हा अंधार. जुनी बॅटरी बऱ्याचदा तळापर्यंत रिकामी झाली होती. अशा वेळी तिच्यातल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि तिची ताकद कायमची घटते. ती थकलेली बॅटरी आता नव्या बॅटरीलाही खाली ओढत होती.

"मग सूर्यालाच कामाला लावू," थोरला म्हणाला. त्याने छतावर सोलर पॅनल बसवलं. उन्हाळ्यात त्याने बरं काम केलं. पण दिव्यांची खरी गरज हिवाळ्यातल्या लांब रात्रींना, आणि त्या दिवसांत उत्तरेकडचा सूर्य टेकड्यांच्या वर जेमतेम येतो, तोही ढगांआडून. पॅनलमधून येणारी वीज नावापुरतीच. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. थोरला मात्र अंथरूणच वाढवत निघाला होता.

धाकट्याने काही विकत घेतलं नाही. त्याने एक वही काढली. गाडी घरासमोर उभी होती. आठवडाभर नवराबायकोने संध्याकाळचा चहा, स्वयंपाक, जेवण, वाचन असं सगळं गाडीतच केलं. कोणता दिवा किती वाजता लावला, किती वाजता मालवला, हे तो वहीत टिपून ठेवत गेला. बायको हसायची. म्हणायची, "दिव्यांची हजेरी घेताय वाटतं!"

आठवड्याच्या शेवटी त्याने बेरीज केली. टेबलावरचे चार आणि ओट्यावरचे दोन असे सहा दिवे रोज पाच तास जळत होते. सहा दिव्यांचे 60 वॅट, म्हणजे 12 व्होल्टला 5 अँपिअर. पाच तासांत 25 अँपिअर-तास संपत. असली बॅटरी टिकवायची तर अर्ध्याच्या खाली उतरू देऊ नये, म्हणून 100 पैकी वापरायचे 50. ते दोन रात्रींत फक्त दिव्यांनीच संपवले. पंखा आणि पाण्याचा पंप यांचा खर्च वेगळाच. लॉख नेसच्या काठी दुसऱ्या रात्री काय झालं होतं, त्याचा उलगडा वहीत झाला.

आणखी एक गोष्ट वहीत दिसली. उरलेले सहा दिवे कपाटांत, उशाशी, मोरीत आणि दारापाशी होते. ते दिवसातून काही मिनिटंच पेटत.

टेबलावरचा दिवा मालवून लगेच बल्ब काढायला गेला तेव्हा त्याची बोटं पोळली. त्याला वाटलं, आपण बॅटरीतून उजेड कमी आणि उष्णताच जास्त घेतोय की! हॅलोजनमध्ये तार तापून लाल-पांढरी होते तेव्हा उजेड पडतो, त्यामुळे बहुतेक वीज उष्णतेतच जाते. एलईडीत तार तापवायची नसते. 2 वॅटचा चांगला एलईडी 10 वॅटच्या हॅलोजनची जागा घेऊ शकतो.

धाकटा जुना बल्ब खिशात टाकून दुकानात गेला आणि त्याने तीन गोष्टी विचारल्या. दोन पिनांचा हा बल्ब, याच्या जागी कोणता बसेल? 10 ते 30 व्होल्टपर्यंत चालेल असा आहे का? आणि उजेड पिवळसर पडेल ना?

दुकानदार म्हणाला, "तुमची बॅटरी तर 12 व्होल्टची आहे."

"नावाला 12 ची," धाकटा म्हणाला. "पूर्ण भरून शांत असली की 12.7 दाखवते, आणि चार्जर लावला की 14.4 पर्यंत चढते."

त्याने एकच बल्ब घेतला. बसवला, चार्जर लावून पाहिला, काढून पाहिला, त्याच्या उजेडात आठवडाभर जेवला. बायकोला विचारलं, "भाजीचा रंग नीट दिसतो ना?" ती हो म्हणाली, तेव्हा आणखी पाच आणले. टेबल आणि ओटा मिळून आता 12 वॅट लागत होते, म्हणजे 1 अँपिअर. रात्रीचा दिव्यांचा खर्च 25 वरून 5 अँपिअर-तासांवर आला. कपाटांतले आणि मोरीतले हॅलोजन त्याने तसेच राहू दिले.

त्या हिवाळ्यात धाकटा जुन्याच बॅटरीवर दिवे आणि पंखा सांभाळून चार रात्री राहून आला. हे थोरल्याच्या कानावर गेलं.

"एलईडी! एवढंच होय?" तो म्हणाला. त्याच रात्री त्याने सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत प्रखर अशा वीस बल्बांचं पाकीट मागवलं आणि बाराही दिवे एका दुपारी बदलले. तीन पेटलेच नाहीत. ते त्याने कचऱ्यात फेकले. उरलेल्यांनी गाडीत असा निळसर पांढरा झगझगाट केला की बायको म्हणाली, "इथे जेवायचं की ऑपरेशन करायचं?" पुढच्या महिन्यात वीज असलेल्या तळावर मुक्काम पडला. चार्जर सुरू झाला, आणि तिथल्या मुक्कामात एकामागून एक पाच बल्ब गेले.

थोरला तणतणत धाकट्याकडे आला. "सगळी फसवणूक आहे," तो म्हणाला. "दोन बॅटऱ्या, पॅनल, वीस एलईडी, सगळं करून बसलो. तुझं नशीब चांगलं, दुसरं काय!"

धाकटा काही बोलला नाही. तो भावाच्या गाडीपाशी गेला, कचऱ्याच्या डब्यातून ते तीन बल्ब काढले आणि एकेक होल्डरमध्ये उलटा फिरवून बसवला. तिन्ही पेटले.

"एलईडीला अधिक आणि उणे अशा दोन बाजू असतात, दादा. हॅलोजन कसाही लावला तरी पेटायचा. काही एलईडी उलटे बसले की पेटत नाहीत."

"आणि जे जळले ते?"

"त्यांना फक्त 12 व्होल्टचा हिशोब ठाऊक होता. चार्जर 14.4 देतो. आत प्रवाह आवरणारी नीट व्यवस्था नसेल तर ते तापतात आणि जातात."

थोरला थोडा वरमला. मग म्हणाला, "पण तुझ्या कपाटांत अजून हॅलोजनच आहेत! तू अर्धवटच काम केलंस की."

"कपाटातला दिवा दिवसाला दोन मिनिटं पेटतो. तो बदलून काय वाचणार? जिथे पाच तास जळत होतं, तिथे बदललं."

थोरला सीटवर बसला. पायाखालच्या दोन बॅटऱ्या त्याला आठवल्या, घरी ठेवलेल्या खुर्च्याही आठवल्या. "मग चूक नेमकी कुठे झाली? बॅटरी घेणं चूक, पॅनल चूक, की एलईडी चूक?"

"एकही नाही. ज्याचा खर्च खरोखरच मोठा आहे त्याला दुसरी बॅटरी हवीच. उन्हाळ्यात फिरणाऱ्याला पॅनलसारखा सोबती नाही. एलईडी तर उत्तमच. पण तिन्ही वेळा तू आधी विकत घेतलंस आणि मग विचार केलास."

थोरल्याने हात पुढे केला. "वही दे."

"माझी वही तुला काय कामाची? त्यात माझ्या घरचे दिवे आहेत. तू रात्री उशिरापर्यंत वाचतोस, वहिनी पहाटे उठून चहा करतात. तुमची वही तुम्हालाच लिहावी लागेल."

थोरल्याने आठवडाभर वही लिहिली. त्याच्या गाडीत सगळ्यांत जास्त जळत होता तो उशाशी असलेला वाचायचा दिवा आणि ओट्यावरचे दोन. त्याने पारखून तीन बल्ब घेतले. थकलेली बॅटरी काढून टाकली, नवी तेवढी ठेवली. पंचवीस किलो वजन कमी झालं, तशा बायकोच्या खुर्च्या आणि पुस्तकांची पेटी गाडीत परत आली.

तात्पर्य : काही कमी पडलं की साठा वाढवण्याआधी ते जातं कुठे हे पाहावं. उपाय कितीही चांगला असला तरी तो मोजून, पारखून आणि गरज असेल तिथेच लावावा; न मोजता केलेला चांगला उपायही वाया जातो.