अँटेना काढल्यावर उरतं ते

दिवाळी उलटली आहे, भात खळ्यावर आलं आहे. जेवणं आटोपली की गच्चीवर या. चटई टाका, लॅपटॉप समोर ठेवा, पण इतक्यात उघडू नका.

शहापूरला असाल तर माहुलीचे सुळके अंधारात नुसते काळे दिसतील. मुरबाडला असाल तर पूर्वेला सह्याद्रीची भिंत असेल. आधी नुसत्या कानांनी ऐका. रातकिडे. लांबवर एखादं कुत्रं. शहापूरकरांना कसाऱ्याकडे निघालेली मालगाडी. प्रत्येक आवाज ओळखा आणि जाऊ द्या.

आता कानाला न कळणाऱ्याकडे वळा. या क्षणी तुमच्या अंगावरून रेडिओलहरींतून मुंबईची गाणी जात आहेत. वरून जाणारं विमान 1090 मेगाहर्ट्झवर आपली जागा सांगत आहे. यातलं काही टोचत नाही, भिजवत नाही. थोडा वेळ एवढंच मनात धरा.

आता या लहरी पकडणारा पेनड्राइव्हएवढा डोंगल हातात घ्या. तो मुळात संगणकावर टीव्ही बघण्यासाठी बनला होता. आतली आरटीएल2832यू ही चिप लहरींचे कच्चे आकडेही बाहेर देते, हे 2012 च्या सुमारास हौशी मंडळींच्या लक्षात आलं. सेकंदाला साधारण चोवीस लाख नमुने. त्यात आर820टी ट्यूनर असेल तर 24 पासून 1766 मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा ऐकता येतो. जुन्या रेडिओत कॉइल आणि कंडेन्सर करायचे ते बरंचसं काम आता गणित करतं.

100 मेगाहर्ट्झची लहर तीन मीटर लांब असते. तिच्या पाव लांबीच्या, म्हणजे 75 सेंटिमीटरच्या दोन तारा विरुद्ध दिशांना ताणल्या की अँटेना झाली. घाई नको. तार ताणणं हाही ऐकण्याचाच भाग आहे.

लॅपटॉप उघडा, सॉफ्टवेअर सुरू करा. पडद्यावर वरून खाली रंग ओघळू लागतील. त्याला वॉटरफॉलच म्हणतात. माळशेजचा धबधबा पावसाळा संपला की आटतो, हा बारमाही. 100.7 वर एफएम गोल्ड हे मुंबईचं स्टेशन शोधा. डोंगराच्या आड असाल तर ते क्षीण असेल. म्हणून गेन, म्हणजे सिग्नल वाढवायची पायरी, एकदम चढवू नका. हळूहळू वाढवा. स्टेशन आहे तिथेच राहून नुसती खरखर वर येऊ लागली की एक पायरी मागे या. जास्त ओढलं म्हणून जास्त ऐकू येत नाही.

आपण ऐकायला बसलो आहोत. बोलायचं असेल तर हॅम रेडिओचा परवाना लागतो, तो विषय आज नाही. कुणाचं खासगी बोलणं लागलं तर तिथे थांबू नका, पुढे सरका.

आता 144 मेगाहर्ट्झवर या. बहुतेक डोंगलांत इथे एक बारीक, सरळ रेषा दिसते. कोण बोलतंय? काही क्षण तिच्याकडे बघा. मग अँटेनाची पिन काढा. रेषा तशीच राहील. ती बाहेरून आलेलीच नव्हती. डोंगलमधल्या स्फटिकाचा ठेका 28.8 मेगाहर्ट्झचा, आणि त्याची पाचपट 144. यंत्र स्वतःलाच ऐकत होतं.

इथे जरा थांबा. आपणही दिवसभरात दुसऱ्याचं म्हणून जे ऐकतो, त्यातल्या किती रेषा पिन काढल्यावरही तशाच राहतील?

पिन परत लावा. आता पडद्यावर पसरट, डुलणारे पट्टे दिसतील. खाली जाऊन मोबाइलचा चार्जर काढा: एखादा पट्टा जाईल. एलईडी दिवे घालवा: आणखी एक. इन्व्हर्टर बंद करा. घरच्यांना दहा मिनिटं अंधारात बसायला सांगा. दूरचं ऐकण्याआधी घरचं शांत करावं लागतं.

तरीही थोडी खरखर उरेल. तिला लगेच नाव देऊ नका. कार्ल जान्स्की हा अमेरिकन अभियंता 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला समुद्रापार जाणाऱ्या रेडिओ-टेलिफोनमधली खरखर कुठून येते ते शोधत होता. विजांचे आवाज वेगळे काढल्यावर एक सरसर उरली. ती रोज चार मिनिटं लवकर यायची, 23 तास 56 मिनिटांनी, ताऱ्यांच्या वेळापत्रकाने. ती आकाशगंगेची होती. तुमच्या तारेवरच्या खरखरीतही तिचा थोडा वाटा आहे.

आपल्याच जिल्ह्यात, कल्याणला, 1965 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनी 32 लहान तबकड्या रांगांत मांडून 610 मेगाहर्ट्झवर सूर्य ऐकला. हा आकडा तुमच्या डोंगलच्या पट्ट्यातही आहे. आणि मुरबाडहून नाणेघाट चढून जुन्नरकडे उतरलं की खोडद परिसरात 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची महाकाय दुर्बीण आहे. तिची जागा निवडतानाही आसपासचा रेडिओ-गोंगाट कमी असावा लागला. केवढाही मोठा कान असो, शेजार शांत हवाच.

डोळे मिटा. गार वारं लागू द्या. त्या उरलेल्या खरखरीकडे काही न मागता बसा.

खालून हाक येईल, "झालं का? लावू का दिवा?"

"लावा," म्हणा. आणि डोळे उघडून पडद्यावर घर परत येताना बघा.