दोन बापांचं घर

स्टॅन्ली कुब्रिकच्या 'द शायनिंग'मध्ये (१९८०) बर्फाळ रस्त्यावर ट्रकखाली चेपलेली एक लाल फोक्सवॅगन दिसते. जेमतेम काही सेकंद. स्टीफन किंगच्या मूळ कादंबरीत (१९७७) टॉरन्स कुटुंबाची गाडी लाल आहे. कुब्रिकने त्यांना पिवळी दिली आणि लाल गाडीचा असा चुराडा केला. ही लेखकाला मारलेली टपली आहे, असं अनेकजण मानतात. मलाही तसंच वाटतं. कुब्रिकच्या चौकटीत चुकून काही आलं असेल, यावर विश्वास बसत नाही.

किंगला हा चित्रपट कधीच पचला नाही. त्याचा जॅक दारूशी झगडणारा, मुलावर जीव असलेला बाप. कुब्रिकचा जॅक पहिल्याच, नोकरीच्या मुलाखतीत अर्धा वेडा दिसतो. कादंबरीत बॉयलर फुटून त्यांच्या मुक्कामाचं झपाटलेलं ओव्हरलुक हॉटेल जळून जातं. चित्रपटात जॅक चक्रव्यूहात गोठून मरतो आणि हॉटेलला साधा ओरखडाही उठत नाही.

याच गोष्टीचा पुढचा भाग, किंगची 'डॉक्टर स्लीप', २०१३ साली आली तेव्हा तिच्यात अर्थात हॉटेल नव्हतं, नुसती जागा होती. माइक फ्लॅनगनने २०१९ मध्ये तिचा चित्रपट केला, तेव्हा त्याच्यापुढे एकाच जमिनीचे दोन सातबारे आले. प्रेक्षकांच्या डोळ्यांत कुब्रिकचं हॉटेल उभं, कागदावर किंगची राख. हॉटेलचा स्वयंपाकी हॅलोरन पुस्तकात जिवंत, पडद्यावर कुऱ्हाडीने मारलेला. फ्लॅनगनने हॉटेल उभं ठेवलं आणि हॅलोरनला भूत करून भेटायला आणलं. इथवर ही नुसती चतुराई आहे.

पण मग बारचा प्रसंग येतो. जॅकचा आता चाळिशीतला मुलगा डॅन, आठ वर्षं दारूपासून दूर राहिलेला, गोल्ड रूममध्ये बसतो. समोर व्हिस्कीचा ग्लास सरकवला जातो. सरकवणाऱ्या बारवाल्याचा चेहरा बापाचा, पण तो ओळख द्यायला तयार नाही. डॅन आईच्या मरणाबद्दल बोलतो. बारवाला 'औषध' पुढे करतो. फ्लॅनगनने याच प्रसंगाची कल्पना सांगितल्यावर किंग कुब्रिकचं हॉटेल वापरू द्यायला राजी झाला. साहजिक आहे. कुब्रिकने वजा केलेला बाप कुब्रिकच्याच सेटवर परत येत होता, निदान त्याची दारू तरी.

चित्रपट अडीच तासांचा आहे आणि ते जाणवतं. मुलांची 'वाफ' पिऊन जगणारी टोळी, तिची म्होरकी रोझ (रेबेका फर्ग्युसन झकास), सगळं ऐसपैस. शेवटी 'द शायनिंग'मधली रक्ताची लिफ्ट वगैरे येते तेव्हा तर आपण संग्रहालयात फिरतोय असं वाटतं.

तरीही बॉयलर फुटतो. १९७७ च्या कादंबरीत बापाच्या वाट्याला आलेला शेवट फ्लॅनगन मुलाला देतो: भुतांनी झपाटलेला, क्षणभर भानावर येऊन अब्रा या मुलीला पळ म्हणणारा. किंगच्या 'डॉक्टर स्लीप'मध्ये डॅन जगतो. इथे तो हॉटेलासकट जळतो, आणि तरी किंगने जाहीरपणे या चित्रपटाची पाठ थोपटली. कुब्रिकवरचा आपला जुना रागही या चित्रपटाने निवला, असं तो म्हणाला.

हॉटेल राख झाल्यावर अब्रा आपल्या घरी, न्हाणीघराच्या दारात उभी राहते. टबमध्ये 'द शायनिंग'मधल्या २३७ नंबरच्या खोलीतली कुजलेली बाई बसलेली असते. अब्रा आत जाते आणि दार लावून घेते.