सुई, शिकणारा हात आणि बाकावरचा शेजारी

गेल्या हिवाळ्यात लेकीकडे गुरुग्रामला काही महिने राहण्याचा योग आला. भाषांतराची हस्तलिखिते तपासता तपासता माझ्या उजव्या हाताचा अंगठा व लगतची दोन बोटे रात्री बधिर होऊ लागली होती. झोपेतून उठून हात झटकल्याशिवाय चैन पडत नसे. मनगटाच्या अरुंद वाटेत मज्जातंतू दाबला जात असावा, असे सांगून डॉक्टरांनी तपासणीची चिठ्ठी लिहून दिली. रुग्णालय मोठे होते, आणि तेथे डॉक्टरांना मज्जासंस्थेच्या विकारांचे पुढील शिक्षणही दिले जात होते. हे दुसरे विधान मला बाहेरच्या फलकावर वाचून मोठे भूषणावह वाटले होते. आत गेल्यावर मात्र त्याचा अर्थ वेगळा लागला.

ही तपासणी दोन भागांत होते. पहिल्या भागात कातडीवर विजेचे सौम्य धक्के देऊन, संदेश मज्जातंतूतून किती वेगाने धावतो ते मोजतात. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० च्या सुमारास बेडकाच्या मज्जातंतूवर हा वेग प्रथम मोजला, तोवर तो मोजता येईल असे मोठमोठ्यांना वाटत नव्हते. निरोगी माणसाच्या कोपरापासून मनगटापर्यंत तो सेकंदाला साधारण ५० मीटर किंवा त्याहून अधिक असतो. हात गार असेल तर वेग मंदावतो आणि धडधाकट माणूस आजारी ठरू शकतो. म्हणून गुरुग्रामच्या त्या थंडीत तंत्रज्ञाने माझा हात आधी गरम पाण्याच्या पिशवीने शेकला. मला त्याचे हे भान फार आवडले.

दुसरा भाग सुईचा. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा आहे, त्यात बारीक सुई खुपसून स्नायूतील विद्युतहालचाल पडद्यावर पाहतात आणि ध्वनिवर्धकातून ऐकतात. स्वस्थ स्नायू विसावलेला असताना गप्प असतो. ज्याचा मज्जातंतू मरू लागला आहे, तो स्नायू विसाव्यातही पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तसा टपटप वाजतो. कित्येक आवाज तर एकमेकांसारखे वाटतात आणि अर्थ मात्र निराळे असतात. सुई किंचित सरकवावी, थांबावे, पुन्हा ऐकावे, असे हे काम आहे. हा कान पुस्तकातून येत नाही. एम.डी.नंतर तीन वर्षे डी.एम.चा अभ्यास करणाऱ्यालाही तो माणसाच्या जिवंत स्नायूवरच कमवावा लागतो.

सुई हाती घेऊन एक तरुण डॉक्टर मुलगी पुढे आली. माझ्या लेकीपेक्षाही लहान. तिचा हात किंचित कापत होता. मी विचारले, "आपण शिकत आहात का?" तिने खरे उत्तर दिले. मी म्हणाले, "मग मोठ्या डॉक्टरांना बोलवा." ते आले, त्यांनी दोन मिनिटांत काम उरकले. दुखले, पण फार नाही.

मी बाहेर बाकावर अहवालाची वाट पाहत बसले. शेजारी मानेसरच्या एका कारखान्यात काम करणारा मजूर होता, ई.एस.आय.ची चिठ्ठी हातात धरून. त्याचे नाव पुकारले गेले. दार अर्धवट उघडे होते. तीच मुलगी, तीच सुई. त्याला काही विचारले गेल्याचे मला ऐकू आले नाही, आणि त्यानेही काही विचारले नाही. तीनदा तो कळवळला.

वाचकहो, शेजारी हा शब्द मी आयुष्यात किती वेळा लिहिला असेल, त्याची गणती नाही. त्या दिवशी तो माझ्यापासून हातभर अंतरावर बसला होता आणि माझ्या वाट्याची सुई त्याच्या हातात गेली होती.

माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये, असे कान्टने १७८५ साली मांडले. त्या सूत्रातील 'केवळ' हा शब्द वाचक बहुधा ओलांडून जातो. भाषांतरकाराला तसे करता येत नाही. साधन होण्याला कान्टची ना नाही. आपण सारेच एकमेकांची साधने होत असतो. गवंडी माझे घर बांधतो, मी त्याची मजुरी देते. प्रश्न आहे तो त्या माणसाची संमती जमेस धरली की नाही, एवढाच. मजुराला विचारले असते आणि तो 'हो' म्हणाला असता, तर त्याच तीन टोचण्या झाल्या असत्या, पण तो शिकवणाऱ्यांपैकी एक ठरला असता.

येथवर गोष्ट सोपी आहे, आणि दोष रुग्णालयाच्या माथी मारून मला मोकळे होता आले असते. अडचण पुढे आहे. प्रत्येकाला विचारले आणि प्रत्येकाने माझ्यासारखेच 'नाही' म्हटले, तर? ज्या मोठ्या डॉक्टरांचा निष्णात हात मी हक्काने मागितला, तो हात कोणाच्या तरी अंगावर अडखळतच घडला असणार. ज्यांना नकार देण्याची सोय नव्हती, अशांच्या वेदनेतून तयार झालेले कौशल्य मी पैसे भरून घेतले. आणि पुढच्या पिढीसाठी ते तयार करण्याची वेळ आली तेव्हा हात मागे घेतला. याला काय नाव द्यावे?

मेंदूचा विद्युत आलेख मानवात प्रथम १९२४ साली नोंदवणारे हान्स बर्गर यांनी पुढे कित्येक नोंदी स्वतःच्या मुलाच्या डोक्यावर घेतल्या. त्या मुलाला खरोखर विचारले होते की नाही, हा प्रश्न उरतोच. पण निदान परक्याचे डोके स्वस्त, असा हिशेब तेथे नव्हता. आपण ख्रिस्ती लोक वेल्लोरचा अभिमान बाळगतो, आणि तो रास्त आहे, डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ साली भारतातला पहिला मेंदूशल्यक्रिया विभाग तेथे सुरू केला. तेथे घडलेल्या डॉक्टरांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. ते ज्यांच्यावर शिकले, त्यांची नाहीत.

आमच्या कामातही कच्चा मसुदा आधी गावातल्या श्रोत्यांना वाचून दाखवतात. एखादी आजी मध्येच थांबवून म्हणते, "असं कोण बोलतं?" आणि आम्ही ओळ खोडतो. तिला आधी सांगितलेले असते की, हे कच्चे आहे, तुमच्या कानाची आम्हाला गरज आहे. म्हणून ती ऐटीत बसते. अर्थात आमची चुकीची ओळ कोणाला टोचत नाही, हा फरक लहान नाही. ज्याला सुई टोचायची आहे त्याच्या नकाराला म्हणूनच आमच्या आजीच्या नकारापेक्षा अधिक मान हवा. तरीही ज्याला नकार परवडतो, त्याने तो दर वेळी वापरावा का, याचे उत्तर मला 'नाही' असेच द्यावे लागते.

दोन महिन्यांनी डाव्या हातालाही तीच तक्रार सुरू झाली. खोलीत तीच मुलगी होती. ती आपण होऊनच मोठ्या डॉक्टरांना हाक मारायला वळली. मी म्हणाले, "ते शेजारी उभे राहू देत. सुई तुम्हीच घाला." पहिल्या खेपेला ती चुकीच्या जागी गेली, आणि वाचकहो, खोटे कशाला सांगू, डोळ्यांतून पाणी आले. दुसऱ्या खेपेला तिने सुई स्थिर धरली, डोळे मिटले आणि ऐकत राहिली. "काय ऐकू येते?" तिच्या गुरूंनी विचारले. "काहीच नाही, सर. शांत आहे," ती म्हणाली. ते हसून म्हणाले, "बरोबर."

बाहेर बाकावर त्या दिवशीही चिठ्ठ्या घेतलेली माणसे होती. त्यांना आत कोणी विचारणार होते की नाही, हे डॉक्टरांना विचारण्याचे माझ्या मनात आले होते. पण लेक खाली गाडीत थांबली होती, आणि मी अहवाल घेऊन जिना उतरले.